दामाजीपंतांच्या कोठारापासून रोजगार हमीपर्यंत

श्रींच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण होऊन कलशारोहणाच्या निमित्ताने ही स्मरणिका निघत आहे. तीत आपणही चार ओळी लिहाव्यात असा समितीच्या वडीलधाऱ्या मंडळींनी आग्रह धरला. मी लेखक नव्हे. शिक्षण एस. एस. सी. पर्यंत आणि नोकरी तालुका कचेरीत लिपिकाची. देवस्थानच्या इतिहासावर आणि संतवाङ्मयावर लिहिणारे जाणकार या अंकात आहेतच. त्यांच्या वाटेला न जाता ज्या दप्तराशी माझा रोजचा संबंध येतो त्यातलाच एक विषय घ्यावा असे ठरविले. तो विषय म्हणजे सरकारी पैशातून गोरगरिबांच्या हाताला काम मिळण्याची आपल्याकडची रीत कशी सुरू झाली, कशी बदलत गेली आणि आज ती कोठे आली आहे.

विषय रुक्ष वाटेल. परंतु आपल्या सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, जिथे पाऊस पाठ फिरवतो तेव्हा माणसाला आधी बैल आणि मग गाव सोडावे लागत असे, तिथे हा विषय घराघरातला आहे. आजच्या पिढीला त्याची पुरती माहिती नाही, म्हणून हा प्रपंच.

दामाजीपंतांचे कोठार

दुष्काळ आणि सरकारी कोठार यांचा विचार निघाला की मंगळवेढ्याच्या संत दामाजीपंतांचे नाव आपोआप ओठावर येते. मंगळवेढे आपल्यापासून लांब नाही. पंढरीची वारी करणाऱ्याला ही कथा पाठ आहे. दामाजीपंत हे बेदरच्या बादशाहीतले महसुली अधिकारी. पंधराव्या शतकात भयंकर दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून मरू लागली, तेव्हा पंतांनी वरिष्ठांची परवानगी न घेता सरकारी धान्याची कोठारे लोकांसाठी उघडली. बादशहाने त्यांना पकडून आणण्याचा हुकूम सोडला. पुढे प्रत्यक्ष पांडुरंगाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची किंमत दरबारात भरली आणि रीतसर पावती घेतली, अशी ती कथा आहे.

भाविक या कथेत देवाची भक्तवत्सलता पाहतात, आणि ते योग्यच आहे. माझ्यासारख्या कारकुनाच्या नजरेला मात्र तीत आणखी एक गोष्ट दिसते. लोक उपाशी होते, कोठारात धान्य होते, आणि ते लोकांनीच पिकवून सारा म्हणून भरलेले होते. तरी ते मिळण्यासाठी एका दयाळू अधिकाऱ्याला आपले डोके पणाला लावावे लागले. तो अधिकारी दयाळू नसता तर? दर गावाला, दर तालुक्याला दामाजीपंत कुठून मिळणार? पुढच्या पाचशे वर्षांचा इतिहास हा याच प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा इतिहास आहे, असे मला वाटते.

इंग्रजी अमदानीतील दुष्काळी कामे

इंग्रजांच्या राज्यात १८७६ साली दख्खनमध्ये पाऊस पडला नाही. पुणे, नगर, सोलापूर, सातारा आणि विजापूरकडील मुलूख होरपळून निघाला. आपला भाग हा त्यातलाच. मुंबई सरकारने तलाव, कालवे, रस्ते अशी मोठी दुष्काळी कामे काढली व लाखो माणसे त्यांवर लागली. नीरा डाव्या कालव्याचे आणि म्हसवडजवळच्या राजेवाडी तलावाचे काम याच काळातले. राजेवाडीच्या तलावाने आटपाडी आणि सांगोल्याकडची किती शिवारे पुढे भिजली हे त्या बाजूच्या लोकांना ठाऊक आहे. दुष्काळात काढलेले काम चांगले असेल तर ते शंभर वर्षे पुरते, याचे हे उदाहरण होय.

परंतु पैसा हात आखडून खर्च करावा असे कलकत्त्याच्या हिंदुस्थान सरकारचे धोरण होते. त्यासाठी सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याला पाहणीस पाठविण्यात आले. १८७७ च्या प्रारंभी त्यांच्या सूचनेवरून दुष्काळी मजुरी खाली आणली गेली, आणि मोठ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे आजच्या मापाने अर्धा किलोसुद्धा नाही, पुरे असा हिशेब धरला गेला. दिवसभर माती उपसणाऱ्याला एवढ्यात जगा म्हणणे म्हणजे काम करता करता मरा म्हणण्यासारखेच होते.

येथे एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट घडली. हजारो मजूर काम टाकून निघून गेले. अडाणी, उपाशी, अंगावर धड वस्त्र नाही अशा लोकांनी एवढ्या मोठ्या सरकारपुढे संप केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक आदराने सार्वजनिक काका म्हणत, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिकठिकाणची माहिती गोळा करून सरकारकडे अर्ज पाठविले. कामाचा योग्य दाम मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे, ही गोष्ट त्या काळी प्रथम उघडपणे मांडली गेली.

पुढे सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग बसला. त्याचा अहवाल १८८० साली आला आणि त्यावरून प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. धडधाकट माणसाला काम, अपंग व वृद्धांना फुकट मदत, शेतसाऱ्याला तहकुबी वा सूट, अशी कलमे त्यांत घालण्यात आली. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी शेतकऱ्याला जमीन सुधारण्यासाठी आणि बीबैलासाठी तगाई मिळण्याची सोय झाली. तगाई हा शब्द आपल्या आज्यापणज्यांच्या तोंडी अगदी रुळलेला होता.

१८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा लोकमान्य टिळकांनी काय केले? त्यांनी 'केसरी'तून हीच दुष्काळ संहिता लोकांना समजावून सांगितली. सरकारनेच छापलेल्या नियमांप्रमाणे तुम्हाला काम मिळाले पाहिजे, सारा तहकूब झाला पाहिजे, तेव्हा घाबरू नका, मागणी करा, असा त्यांच्या लिखाणाचा रोख होता. सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते गावोगाव फिरले. कागदावरचा नियम लोकांच्या कानी गेला की त्याला जीव येतो, हे लोकमान्यांनी ओळखले होते.

तरीसुद्धा संहितेत एक मोठी उणीव राहिली. दुष्काळ आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकार सरकारकडेच होता. सरकारने दुष्काळ जाहीर केला तर कामे निघणार, न केला तर नाही. उपाशी माणसाला स्वतः होऊन कचेरीत जाऊन 'मला काम द्या' म्हणता येत नव्हते. म्हणजे दामाजीपंतांची दया तेवढी छापील झाली होती. हक्क अजून झाला नव्हता.

विसापूरचा प्रयोग

स्वराज्य आले, १९६० साली संयुक्त महाराष्ट्र झाला. १९६३ मध्ये आपल्या राज्याने एक कायदा करून राज्यातील कायद्यांमधून दुष्काळ या अर्थाचा इंग्रजी शब्दच काढून टाकला व त्याजागी टंचाई हा शब्द घातला. आजही आमच्या दप्तरात 'टंचाई शाखा' असते. शब्द बदलण्यामागे हेतू चांगला होता. आता अन्नावाचून माणूस मरू द्यायचा नाही असा तो निर्धार होता. परंतु शब्द काढल्याने पाऊस पडत नाही हे १९७२ साली कळून चुकले.

त्याआधी आपल्याच जिल्ह्यात एक लहानसा प्रयोग झाला होता. तो करणारे होते श्री. वि. स. पागे. त्यांचा जन्म २१ जुलै १९१० रोजी वाळवे तालुक्यातील बागणी येथे झाला. स्वातंत्र्यलढ्यातून आलेले, संतवाङ्मयाची मनापासून आवड असलेले हे गृहस्थ १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. एवढ्या उच्च पदावर बसून त्यांच्या मनात विचार कसला, तर पावसाळा संपल्यावर रिकाम्या बसणाऱ्या शेतमजुराच्या हाताचा. १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर भागात त्यांनी हा विचार प्रत्यक्षात उतरवून पाहिला. गावातच, गावाला उपयोगी पडेल असे काम काढायचे आणि जो मागेल त्याला ते द्यायचे, एवढे साधे त्याचे सूत्र होते.

पागेसाहेबांचा हिशेब व्यवहारी होता. माणूस रिकामा बसला तर त्याची मेहनत वाया जाते आणि वर त्याला जगविण्याचा खर्च समाजावर पडतोच. तोच खर्च मजुरी म्हणून दिला तर बांध उभा राहतो, विहिरीला पाणी येते, पुढच्या वर्षी रान पिकते आणि मग त्याच माणसाला गावातच शेतीचे काम मिळते. म्हणजे सरकारचा पैसा एकदा मजुरी म्हणून कामी येतो आणि दुसऱ्यांदा पाणी म्हणून. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना हा विचार पटला, आणि १९७२ साली राज्यात रोजगार हमी योजना जाहीर झाली.

बहात्तरचा दुष्काळ

योजना जाहीर झाली आणि त्याच साली आभाळ फाटण्याऐवजी जमीन फाटली. आधीची दोन वर्षे पाऊस कमीच होता. १९७२ चा पावसाळा तर पूर्ण कोरडा गेला. हमी योजना तात्पुरती बाजूला ठेवून सरकारला सरसकट दुष्काळी कामे काढावी लागली. मे १९७३ मध्ये या कामांवरील माणसांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती. १९७१ च्या शिरगणतीप्रमाणे राज्याची लोकसंख्या ५ कोटींच्या थोडी वर होती. म्हणजे लहान मुले, म्हातारे आणि शहरातले लोक धरूनसुद्धा दर दहा माणसांमागे एक जण त्या उन्हाळ्यात खडी फोडत होता किंवा मातीच्या पाट्या वाहत होता.

माझा जन्म त्यानंतरचा. परंतु आपल्या गावातल्या जाणत्या बायकांकडून त्या दिवसांविषयी पुष्कळ ऐकले आहे. अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो, त्याची न उलणारी भाकरी, कामावर मिळणारी सुकडी, खडीच्या ढिगाऱ्यावर बाभळीला बांधलेल्या झोळीत झोपलेली पोरे, आणि पगाराच्या दिवशी हजेरीपटावर उमटविलेला डाव्या अंगठ्याचा ठसा. पुष्कळ घरांतल्या बायका त्या वर्षी प्रथमच उंबरठ्याबाहेर कामाला पडल्या आणि प्रथमच स्वतःच्या कमाईचे पैसे त्यांच्या पदराच्या गाठीला आले. 'आम्ही वाचलो ते कामामुळे' असे त्या सांगतात. आपल्या शिवारातल्या वरच्या ओढ्यावरील पाझर तलाव हा त्याच काळातला, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

या अनुभवाने दोन गोष्टी शिकविल्या. एक म्हणजे मनात आणले तर सरकार लाखो लोकांना काम देऊ शकते. दुसरी अशी की घाईघाईने काढलेल्या कामातून नुसते खडीचे ढीग उभे राहतात. काम आधी आखलेले असले पाहिजे, आणि ते माती व पाणी धरून ठेवणारे असले पाहिजे.

पैसा कोणाचा?

दुष्काळ ओसरल्यावर १९७४-७५ पासून रोजगार हमी योजना पुन्हा नेटाने सुरू झाली. आता प्रश्न पैशाचा होता. या ठिकाणी आपल्या राज्याने जे केले ते समजून घेण्यासारखे आहे, कारण आपण मंदिरासाठी जे केले त्याच्याशी त्याचे साम्य आहे.

१९७५ साली व्यवसाय कर लागू झाला. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्यावर तो बसविण्यात आला. आमच्या पगारपत्रकात दरमहा ही कपात दिसते आणि पुष्कळ जण तिच्याकडे पाहून नाक मुरडतात, पण ती मुळात कशासाठी सुरू झाली हे फार थोड्यांना माहीत असते. त्याखेरीज बागायती जमिनीवर, मोटारगाड्यांवर, विक्रीकरावर, जमीन महसुलावर आणि शहरातील बिनरहिवासी इमारतींवर रोजगार हमीसाठी जादा कर बसविण्यात आले. यातून जेवढी रक्कम जमेल तेवढीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालावयाची, असे ठरले. निम्मे कराचे व निम्मे सरकारचे मिळून रोजगार हमी निधी तयार झाला.

गावकरी बंधुभगिनींनो, आपणही हेच केले नाही काय? पुण्यामुंबईस नोकरीला असलेल्यांनी जास्त वर्गणी दिली, बागायतदारांनी आपल्या ऐपतीप्रमाणे दिली, ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांनी श्रमदान केले. सगळ्यांच्या वाट्यातून देऊळ उभे राहिले आणि ते सगळ्यांचे झाले. रोजगार हमीचे तसेच आहे. मुंबईच्या गिरणीतला कामगार, पुण्याचा मास्तर, कृष्णाकाठचा बागायतदार यांच्या पैशातून माळरानावरच्या मजुराला काम मिळाले. सरकारी रकमेला आपण अनुदान म्हणतो आणि त्यातला 'दान' हा शब्द आपल्या मनात घर करून बसतो. परंतु हे दान नव्हे. एका हाताने दिलेला कर व दुसऱ्या हाताने केलेले कष्ट यांचा तो व्यवहार आहे. त्यात देणाऱ्याने मिरवू नये आणि घेणाऱ्याने ओशाळू नये.

कायदा झाला

१९७७ साली विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम एकमताने संमत केला. राष्ट्रपतींची संमती मिळून २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. ग्रामीण भागातल्या प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला अंगमेहनतीचे काम मिळण्याचा हक्क आहे असे या कायद्याने सांगितले. घटनेच्या ४१ व्या कलमात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे खरा, पण ते मार्गदर्शक तत्त्व. न्यायालयात दाद मागता येईल असे त्याचे रूप नव्हते. तो हक्क कायद्याने प्रत्यक्ष देणारे पहिले राज्य आपले महाराष्ट्र, ही अभिमानाची गोष्ट आहे.

या कायद्याची यंत्रणा आमच्या कचेरीच्या भाषेत थोडक्यात सांगतो. गावात नाव नोंदवायचे. काम हवे असले की नमुना ४ भरून मागणी द्यायची आणि तारखेची पोच घ्यायची. पोच घेतल्यापासून १५ दिवसांच्या आत काम मिळाले पाहिजे. न मिळाल्यास बेकारी भत्ता द्यावा लागतो. मूळ कायद्याने तो दिवसाला किमान १ रुपया ठेवला होता. रक्कम किरकोळ, परंतु तिचा अर्थ मोठा. मजुराला काम देता आले नाही तर दंड सरकारला, हे त्या रुपयाने मान्य केले. कामावर ठेकेदार नको, एकूण खर्चापैकी किमान ६० टक्के रक्कम अकुशल मजुरीवर गेली पाहिजे, स्त्री आणि पुरुषाला दर सारखा, कामावर पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार व लहान मुलांना सांभाळण्याची सोय, असे नियम घालून दिले गेले. मजूर मागणी करतील तेव्हा कामाची शोधाशोध नको म्हणून तालुक्यातल्या कामांचा आराखडा मंजूर करून ठेवण्याची पद्धत आली. अशा तयार कामांना आमच्याकडे 'शेल्फवरची कामे' म्हणतात.

दामाजीपंतांच्या काळी अधिकाऱ्याने दया केली तर लोक वाचत. इंग्रजी अमदानीत सरकारने जाहीर केले तर काम निघे. १९७९ पासून मजुराने मागितले की घड्याळ सुरू होऊ लागले. त्या पंधरा दिवसांत टेबलामागचा माणूस दयाळू आहे की कठोर, हा प्रश्न राहत नाही. पांडुरंगाने दरबारातून पावती घेतली होती असे कथा सांगते. मजुराच्या हातातली नमुना ४ ची पोच ही मला तशाच मोलाची वाटते.

मजुरीतून बागा

पुढच्या काळात या योजनेने आणखी एक वळण घेतले. १९९० पासून रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडण्यात आली. शेतकऱ्याने आपल्याच जमिनीत खड्डे घ्यावेत, रोपे लावावीत आणि त्याचे अनुदान त्याला तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळावे, अशी ही योजना होती. झाडे जगतील तसा पुढचा हप्ता. कोकणात आंबा आणि काजू, मराठवाड्यात मोसंबी, आपल्या बाजूला डाळिंब आणि बोर असे त्या त्या मातीला मानवेल ते फळझाड लावण्यात आले. आटपाडी, सांगोला, जत या भागात ज्या माळावर कुसळाशिवाय काही उगवत नव्हते तिथे डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेल्या रोगाने मधल्या काळात पुष्कळ बागा मोडल्या हेही खरे. परंतु पूर्वी खडी केंद्रावर जाणारी माणसे बागेत छाटणीला, फळे काढायला, पेट्या भरायला लागली, आणि पेट्या वाहणारे, खतऔषध विकणारे, बाजारात अडत करणारे असे नवे उद्योग त्यातून निघाले. सरकारी पैशाने एखाद्या भागाचा कायमचा उत्कर्ष कसा होतो ते पाहायचे असेल तर एकदा सांगोल्याच्या माळावर फिरून यावे.

पागेसाहेब १६ मार्च १९९० रोजी निवर्तले. त्यांनी लावलेले झाड पुढे देशभर वाढलेले पाहायला ते राहिले नाहीत. २००५ साली संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ पासून तो २०० जिल्ह्यांत आणि १ एप्रिल २००८ पासून देशाच्या सर्व ग्रामीण भागात लागू झाला. ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी त्याने दिली. पुढे त्याला महात्मा गांधींचे नाव देण्यात आले. या कायद्यामागे महाराष्ट्राचा अनुभव होता हे सर्वमान्य आहे. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी संसदेने नवा कायदा संमत केला आणि हमीचे दिवस १२५ केले. खर्चातला राज्यांचा वाटा त्यात वाढला. कायद्यांची नावे बदलतात, दिवस व हिस्से कमीजास्त होतात. मूळ सूत्र विसापूरचेच राहिले आहे, आणि ते टिकते की नाही हे आपल्यासारख्या गावांच्या जागरूकतेवर अवलंबून राहणार आहे.

उणिवा आणि आपले कर्तव्य

या योजनेचे गुण गाताना दोष झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. हजेरीपटावर खोटी नावे चढविण्याचे प्रकार राज्यात ठिकठिकाणी झाले. मोजमाप वेळेवर न झाल्याने मजुरी महिनोन्‌महिने अडकून पडल्याची उदाहरणे आहेत. पैसे थेट खात्यावर जाऊ लागल्यापासून मधल्या हातांना आळा बसला, परंतु खात्यात एका अक्षराची चूक असली तरी मजुराला हेलपाटे पडतात. काही रस्ते खडीपर्यंत येऊन थांबले ते कायमचेच. आणि सर्वात मोठा दोष म्हणजे मागणी करणारेच कमी झाले. पुष्कळांना नमुना ४ काय हे माहीत नसते, माहीत असले तर तोंडी मागणी करून गप्प बसतात आणि पोच कोणी मागत नाही. मागणी कागदावर नसेल तर तारीख नाही, आणि तारीख नसेल तर ते पंधरा दिवस कधीच सुरू होत नाहीत. मी स्वतः कारकून असल्याने हे अधिकाराने सांगू शकतो की कचेरी बोलण्याला विसरते, कागदाला विसरू शकत नाही.

दुसरी गोष्ट उभ्या केलेल्या कामांच्या निगेची. आपल्या मंदिराच्या शिखरावर पिंपळ उगवला होता, गाभाऱ्यात पाणी गळत होते, म्हणून आपण एकत्र आलो. वरच्या ओढ्यावरच्या पाझर तलावाची स्थिती आज तशीच आहे. पन्नास वर्षांचा गाळ त्यात साठला आहे, भरावावर बाभळी माजल्या आहेत आणि सांडव्याचे दगड निखळले आहेत. तो तलाव आपल्याच आज्या-आयांनी मिलोची भाकरी खाऊन, डोक्यावर पाटी घेऊन बांधला आहे. मंदिराच्या देणगीदारांची नावे सभामंडपातल्या फरशीवर कोरली गेली, ते उचितच झाले. तलाव बांधणाऱ्यांची नावे कोठेच नाहीत. त्यांचे अंगठे हजेरीपटावर होते. त्या कागदांचे काय झाले असेल ते सांगायला नको. तलावाच्या खालच्या विहिरींना उन्हाळ्यात जे पाणी असते तेवढीच त्यांची खूण.

तेव्हा माझी ग्रामस्थांना नम्र विनंती अशी की, मंदिराचा जीर्णोद्धार ज्या एकीने केला त्याच एकीने या तलावाचाही जीर्णोद्धार करावा. येत्या ग्रामसभेत गाळ काढण्याचे आणि सांडवा दुरुस्तीचे काम आराखड्यात घेण्याचा ठराव करावा. ज्यांना कामाची गरज आहे त्यांनी, विशेषतः बायाबापड्यांनी, संकोच न करता लेखी मागणी द्यावी व पोच घेतल्याशिवाय उठू नये. लिहिता येत नसेल त्यांना शाळेतल्या मुलांनी अर्ज लिहून द्यावेत. काढलेला गाळ कोरडवाहू रानात पसरला तर तिथेही चार पोती जास्त पिकतील.

दामाजीपंतांची कथा आपण कीर्तनातून ऐकतो आणि ऐकत राहणार आहोत. परंतु आपल्या गावावर कधी वाईट वर्ष आले तर कोणा दामाजीपंताची वाट पाहत बसण्याची वेळ येऊ नये, यासाठी लागणारा कायदा आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाच्या विचारातून जन्माला आला आहे. त्याचा उपयोग करून घेणे आपल्या हाती आहे.

लेखात काही उणे-अधिक झाले असल्यास सुज्ञ वाचकांनी सांभाळून घ्यावे. पाऊसपाणी वेळेवर होवो, हाताला काम आणि तलावाला पाणी राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.